धामणखेडचं एकमत

लोकसहभाग संचालनालयाला अपयशाची चांगली सवय होती. उपक्रम फसला की काय करायचं याची पंचवीस पानी कार्यपद्धती तयार होती: आधी मुदतवाढ, मग नामांतर, मग तज्ज्ञ समिती, आणि समितीचा अहवाल येईपर्यंत पुढचं सरकार. त्यामुळे २०३८ च्या फेब्रुवारीत धामणखेड नगरपंचायतीचा उपक्रम यशस्वी झाल्याचं पत्र आलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर थोडी पळापळ झाली. यशाचं काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"प्रसार करायचा असतो," संचालक म्हणाले. "यशस्वी उपक्रमाला पाठबळ द्यायचं आणि तो सगळीकडे पसरवायचा. धोरणात आहे तसं. परिच्छेद चार."

पण पसरवण्याआधी तो खरोखर यशस्वी आहे असं कुणीतरी सही करून सांगायला हवं. ती सही उपसंचालक वैजयंती पाटसकर यांच्या वाट्याला आली. एक तर तिचं शिक्षण संख्याशास्त्राचं. दुसरं, धामणखेड तिचं माहेर, म्हणजे मुक्कामाची सोय बघायला नको.

"आठ दिवसांत जाऊन या," संचालक म्हणाले. "तुमची सही आली की एप्रिलपासून तीनशे चौऱ्याण्णव शहरांत सुरू. फार शंका काढू नका."

"शंका काढायलाच पाठवताय ना, सर?"

"शंकानिरसन करायला. फरक आहे."

वैजयंतीने पत्र पुन्हा वाचलं. दोन वर्षांत दोनशे सहा ठराव, प्रत्येक ठरावाला त्र्याण्णव टक्क्यांच्या वर संमती. तिने त्या गावात अठरा वर्षं काढली होती. तिथे पाण्याच्या टाकीला कोणता रंग द्यावा यावर तीन वर्षं वाद चालला आणि शेवटी टाकीच गळून संपली. धामणखेडात दोन सख्ख्या भावांचं एकमत व्हायचं ते फक्त तिसऱ्याच्या विरोधात. त्र्याण्णव टक्के हा आकडा तिला यशाचा वाटला नाही. चोरीचा वाटला.

उपक्रमाचं नाव होतं 'मुखत्यार'. कल्पना तशी साधी. लोकांना गावाच्या कारभारात मत द्यायचं असतं, पण वेळ नसतो. आणि ज्यांना वेळ असतो त्यांचं मत कुणाला नको असतं. हा पेच सोडवायला प्रत्येक प्रौढ नागरिकाला संगणकात एक मुखत्यार मिळाला. सुरुवातीला नागरिकाने चाळीस प्रश्नांची उत्तरं आपल्या शब्दांत द्यायची. रस्ता हवा की झाड? काम उशिरा झालेलं चालेल की अर्धवट? शेजाऱ्याचं नळकनेक्शन तोडलं तर वाईट वाटेल की बरं? शेवटी कॅमेऱ्याला चेहरा दाखवून 'ही उत्तरं माझी' असं कबूल करायचं. त्यावरून यंत्र त्या माणसाची विचार करण्याची चाल उचलतं. मग नगरपंचायतीपुढे विषय आला की सगळे मुखत्यार आपसात चर्चा करतात, एकमेकांना पटवतात, थोडं धरतात, थोडं सोडतात आणि ठराव करतात. तो ठराव मालकाच्या फोनवर त्याच्याच बोलीत येतो. सात दिवसांत हरकत आली नाही तर संमती धरली जाते.

आणखी अकरा गावांत हा प्रयोग झाला होता. तिथले मुखत्यार मालकांवर गेले होते. एका ठिकाणी गटार कुठून न्यायचं यावर ते सलग एकोणीस दिवस भांडले, शेवटी संगणक बंद करावा लागला. धामणखेडचे मुखत्यार कोणताही विषय अकरा मिनिटांत संपवत होते.

*

एसटी स्टँडपासून दादाच्या घरापर्यंत वैजयंतीने सात बाक मोजले. तिच्या लहानपणी या वाटेवर टेकायला एक कट्टा नव्हता. आता दर दोनशे पावलांवर बाक, सावलीत, पाठ टेकता येईल असा, एका टोकाला पिशवी ठेवायला फळी. एकाही बाकावर कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या सौजन्याने असं काही लिहिलेलं नव्हतं. तिला पहिल्यांदा खटकलं ते हे.

मुकुंद हिंगमिरे, म्हणजे तिचा दादा, हायस्कूलचा निवृत्त चित्रकला शिक्षक. गावात त्याची ओळख मात्र हरकतींसाठी होती. नगरपंचायतीने 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी नोटीस लावली की कार्यालयातले लोक आधी मास्तरांसाठी खुर्ची काढून ठेवत. चाळीस वर्षांत दोनशे बारा हरकती. एकही मान्य झाली नव्हती.

"हे वाच," दारातच दादाने तिच्या हातात एक लॅमिनेट केलेला कागद दिला.

"तिला पाणी तरी पिऊ दे," आतून वहिनी म्हणाल्या. "गॅसवाला येतो त्यालाही वाचून दाखवलंय, वैजू. बिचारा आता सिलिंडर गेटातच ठेवून पळतो."

हरकत क्रमांक २१३. मान्य.

हायस्कूलमागच्या रस्त्याचं रुंदीकरण ठरलं होतं आणि त्यात नांद्रुकीचं जुनं झाड जाणार होतं. मुकुंद हिंगमिरे यांच्या वतीने त्यांच्या मुखत्याराने लिहिलं होतं: 'या झाडाखाली मी एकतीस वर्षं मुलांना सावली काढायला शिकवली. रस्ता चौदा फूट सरकवला तर कुणाचं घर जात नाही. झाड सरकवता येत नाही.' सगळे मुखत्यार बसले, नवव्या मिनिटाला रस्ता चौदा फूट सरकला.

"दादा, तू आयुष्यात तीन ओळींची हरकत लिहिलेली नाहीस."

"मुखत्याराने लिहिलीय. म्हणजे मीच की. माझंच डोकं आहे ते, फक्त शांत बसलेलं."

"तुझी सगळ्यात छोटी हरकत नऊ पानांची होती. शिवाय जोडपत्र अ ते ड."

"म्हणून तर मान्य होत नव्हती," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून स्वतःबद्दल असं वाक्य तिने प्रथमच ऐकलं.

"ते चाळीस प्रश्न तू स्वतः भरलेस ना?"

दादाने कागद परत घेतला, रुमालाने पुसला आणि जागेवर ठेवला. "भरले म्हणजे... भरले गेले. चेहरा मीच दाखवला."

*

नगरपंचायतीचे मुख्याधिकारी निखिल आवटे पस्तिशीचे होते आणि यशाने थोडे घाबरलेले दिसत होते.

"मॅडम, सगळं पारदर्शक आहे. नऊ हजार सहाशे नागरिक, प्रत्येकाचा चेहरा जुळतो. बघा तुम्ही."

"बघते. आणि इतर शहरांत कसं न्यायचं ठरलंय?"

"कंपनी विरजण लावणार आहे." तिचा चेहरा पाहून त्यांनी समजावलं. "म्हणजे नव्या शहरात मुखत्यार कोऱ्या पाटीवर सुरू करायचे नाहीत. इथल्या मुखत्यारांची चाल आधी घालायची, त्यावर तिथल्या लोकांची उत्तरं. चांगल्या दह्याचंच विरजण लावतो ना आपण."

विरजण कुठल्या घरचं आहे हेही विचारतो आपण, असं वैजयंतीच्या ओठांवर आलं होतं. तिने फक्त सगळी मूळ उत्तरं मागून घेतली.

दोन दिवस ती दादाच्या जुन्या ड्रॉइंग टेबलावर बसून होती. मतं मोजणं सोपं असतं. तिने मतामागची चाल मोजली. माणूस कशाला किती वजन देतो, कुठे अडतो, कुठे सोडून देतो. मत बदलतं, ही सवय बदलत नाही. एखाद्याने चाळीस जणांचे अर्ज लिहून दिले तर मजकूर चाळीस तऱ्हांचा असेल, पण अक्षर एकच असतं, तसं. प्रत्येक नागरिकासाठी तिने संगणकाला कागदावर एक ठिपका काढायला लावला. चाल जितकी सारखी तितके ठिपके जवळ. बाकीच्या अकरा गावांचे ठिपके धान्य सांडल्यासारखे पसरले होते. धामणखेडचे नऊ हजार सहाशे ठिपके, तीनेकशे चुकार सोडले तर, दोन जागी गोळा झाले. एका जागी पुरुष, दुसऱ्या जागी बायका.

म्हणजे हे गाव नव्हतं. ही दोन माणसं होती.

"आवटे असणार," ती वहिनींना म्हणाली. "आवटे आणि त्यांची मिसेस."

"त्यांचं नाही हो एकमत," वहिनी भाजी निवडत म्हणाल्या. "ती बार्शीला असते."

मग तिने नगराध्यक्षांवर संशय घेतला, मग कंपनीवर, मग एका संध्याकाळी क्षणभर दादावरही. पण चोरी म्हटली की चोराच्या घरी काहीतरी जायला हवं. तिने दोनशे सहा ठराव पुन्हा चाळले, कुणाचा प्लॉट, कुणाचा ठेका, कुणाचा पुतण्या शोधत. काही सापडेना. दर दोनशे पावलांवर बाक. दोन मजली इमारतीत टपालपेटी खालीच हवी. घरांचे नंबर चार हात लांबून दिसतील एवढे मोठे. कुत्री दिवसा बांधलेली हवीत. दाखल्यांची खिडकी वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर. दर गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा माठ. मग बायकांकडून आलेले: सार्वजनिक संडासात आतून कडी, पिशवी टांगायला खुंटी, आणि दिवा. बाजारच्या दिवशी नळ सकाळऐवजी दुपारी.

चोर श्रीमंत झालेला नव्हता. या गावाचे गुडघे दुखत होते, एवढंच यातून कळत होतं. आणि या गावाला रोज दारोदार जायचं होतं.

ती स्टँडच्या वाटेवरच्या चौथ्या बाकावर बसली होती. शेजारच्या फळीवर कुणीतरी रेक्झिनची बॅग ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून, दोन टप्प्यांत, खाली बसलं.

"वैजूताई ना? मास्तरांकडं आलाय असं कळलं."

तुळशीराम वाघचवरे. नगरपंचायतीचा शिपाई. ती शाळेत असताना तो नुकता लागला होता आणि त्याच्या काखेत कायम एक लांबडं रजिस्टर असायचं. प्रभागसभा सोमवारी व्हायची. सभेला माणसं नसायचीच. मग तुळशीराम गुरुवारपर्यंत घरोघर फिरून हजेरीच्या सह्या गोळा करायचा. तिचे वडील, अप्पा, पेपरावरची नजर न काढता सही करायचे. सगळं गाव करायचं. कशावर, हे विचारायची पद्धत नव्हती. तुळशीराम भला माणूस होता.

वैजयंतीला आपल्या हातातला ठिपक्यांचा कागद जड वाटायला लागला.

"तुळशीराम, मुखत्याराचे चाळीस प्रश्न कुणी भरले?"

"लोकांनीच की."

समोरून एक ट्रॅक्टर गेला, धूळ बसली.

"लोकांनीच सांगितलं, तू भर म्हणून," तुळशीरामने वाक्य पुरं केलं. "दाराशी जाऊन टॅब म्होरं केला की म्हणायचे, तुळशीराम, तुला ठावं हाय की आमचं. भर अन् सांग कुठं बगायचं त्ये. मग त्ये कॅमेऱ्यात बगायचे."

"सगळे?"

"तीनशे अकरा जणांनी सोताचं सोता भरलं. त्यातले दोनशे वकिलाच्या वाड्यातले भाडेकरू. वकिलानंच भरलं म्हना त्यांचं."

"आणि बायकांचे? ते ठिपके वेगळे आहेत."

ठिपके म्हणजे काय हे त्याने विचारलं नाही. "बायकांचं मला काय कळतंय, ताई. त्ये मालननं सांगितलं. घरवालीनं. ती भाजी विकती बाजारात, सगळ्या घरातलं तिला म्हाईत. रोज जेवनं झाली की दोघं बसायचो. मी इचारायचो, ती सांगायची. मुखत्यार चालू व्हायच्या आदीची दोन वर्षं त्यातच गेली बगा."

"चाळीस प्रश्न, साडेनऊ हजार माणसं. एकच उत्तर सगळ्यांना ठोकून दिलं असतं तर आठवड्यात झालं असतं."

तुळशीरामला हे लागलं. "तसं कसं करायचं? इस्वासानं दिलंय मानसानं. ज्याचं त्याचं मत हाय. मी एकेकाला डोळ्याम्होरं आनायचो. मास्तरांना तर तीन दिवस लागले."

"दादाला?"

"एकूनचाळीस उत्तरात 'विरोध' लिवलं. त्ये सोपं हुतं. शेवटचा प्रश्न असा हुता, की गावातली कंची गोष्ट ऱ्हायलाच पायजे. आता हितं विरोध कसा लिवायचा? मग ध्यानात आलं, मास्तर रोज पाचला नांद्रुकीखाली जाऊन बसत्यात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पोरं न्हाईत, काय न्हाई. तरी वही घिऊन बसत्यात. मग त्येच लिवलं." तो थांबला. "चुकलं का?"

दादा रोज पाचला कुठे जातो हे वैजयंतीने कधी विचारलं नव्हतं. तो फोनवर दर रविवारी तिला हरकती वाचून दाखवायचा आणि ती फोन स्पीकरवर टाकून कपड्यांच्या घड्या घालायची.

"पुढच्या महिन्यात सुटतो मी," तुळशीराम उठायची तयारी करत म्हणाला. "म्हनून म्हनलं, तुमच्या कागदात काय असंल त्ये आधीच सांगून टाका. घरी मालनला सांगाय लागंल."

*

तिच्यासमोर आता हिशेब स्वच्छ होता आणि त्यात तिला कुठलीच बाजू आवडत नव्हती. खरं लिहिलं तर दोनशे सहा ठराव रद्द. रस्त्याचा जुना आराखडा जिवंत होणार आणि पहिली करवत नांद्रुकीला लागणार. तुळशीराम निवृत्तीच्या तोंडावर निलंबित. दादाच्या दोनशे तेरा हरकतींपैकी मान्य शून्य. खोटं लिहिलं तर एका शिपायाचं आणि एका भाजीवालीचं डोकं विरजण म्हणून तीनशे चौऱ्याण्णव शहरांत जाणार. डोकं वाईट नव्हतं. तिच्या खात्यातल्या पुष्कळ डोक्यांपेक्षा बरं होतं. पण लोक मात्र समजणार, की आपण विचार केला.

तिसरा रस्ता एकच होता: प्रत्येकाने आपापले प्रश्न नव्याने स्वतः भरायचे. तिने आवट्यांकडून टॅब मागून आणला आणि सुरुवात घरापासून केली.

"हे कशाला पुन्हा?" दादा म्हणाला.

"तपासणीचा भाग आहे. पहिला प्रश्न. गावात सर्वांत आधी काय व्हायला हवं?"

"प्रश्नच चुकीचा आहे. सर्वांत आधी म्हणजे कशाच्या आधी? लिही."

पाच प्रश्नांपर्यंत दादाला मजा आली. सहाव्याला त्याने पाणी मागितलं. सातव्याला 'वरीलप्रमाणे' म्हणाला. आठव्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. प्रश्न होता, तुमचं मत शेवटचं कधी बदललं.

"वैजू, मुखत्याराला विचार ना हे," नवव्या प्रश्नावर तो म्हणाला. "त्याला माझं माझ्यापेक्षा बरं सांगता येतं."

"दादा, तो मुखत्यार—"

दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला पाच कमी. तो उठला, कोनाड्यातून एक वही काढली, चपला घातल्या. "तू सांग, ऐकतोय मी," चपलेचा अंगठा सारखा करत तो म्हणाला. "मुखत्याराचं काय?"

"काही नाही. अक्षर चांगलं आहे त्याचं."

"माझंच आहे," दादा म्हणाला आणि निघाला.

*

अहवालाच्या नमुन्यात शेवटचा रकाना होता: 'उपक्रमाच्या यशाचं कारण व इतरत्र राबवण्यासाठी पूर्वअट.' वैजयंतीने तो रकाना चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. पाचव्यांदा तिला सरकारी भाषेतली ती जागा सापडली जिथे खरं लिहूनही कुणाला शिक्षा होत नाही. तिने लिहिलं: 'यशाचं मुख्य कारण श्री. तुळशीराम वाघचवरे, शिपाई, यांचा नागरिकांशी चाळीस वर्षांचा प्रत्यक्ष व वैयक्तिक संपर्क हे आहे. सबब, तुळशीराम उपलब्ध असल्याशिवाय हा उपक्रम अन्य शहरांत राबवू नये.'

तिच्या मते हा नकार होता. तुळशीराम एकच होता आणि तो निवृत्त होत होता. धामणखेड राहील, झाड राहील, रोग पसरणार नाही. सही करताना तिला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

दीड महिन्याने शासन निर्णय आला. अहवालातील शिफारस शासनाने तत्त्वतः व तत्परतेने स्वीकारली होती. तीनशे चौऱ्याण्णव शहरांसाठी 'नागरिक मत संकलक (तुळशीराम संवर्ग)' अशी चार हजार दोनशे पदं निर्माण करण्यात येत होती, बाह्यस्रोताद्वारे, अकरा महिन्यांच्या करारावर. पात्रता: बारावी, दुचाकी परवाना. नागरिकांशी चाळीस वर्षांच्या संपर्काची अट उमेदवारांच्या वयोमर्यादेशी विसंगत असल्याने शिथिल केली होती.

"तुमच्या एका वाक्याने चार हजार घरं उभी राहिली," संचालक म्हणाले. "बघा, शंका काढत बसला असतात तर?"

तुळशीरामचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि बाक नव्हे, फिरती खुर्ची. दादाने त्या समारंभाच्या खर्चावर हरकत घेतली. स्वतःच्या हाताने, नऊ पानी. ती फेटाळली गेली.

*

पुढच्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, पुण्यात वैजयंतीच्या फ्लॅटची बेल वाजली. चौथा मजला, लिफ्ट आठवडाभर बंद होती. दारात चाळिशीचा एक माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, कठड्याला धरून धापा टाकत उभा.

"नमस्कार मॅडम. तुळशीराम आलोय."

"नाव काय तुमचं?"

"हेमंत लोखंडे. पद तुळशीराम. आधी विमा करायचो." त्याने घाम पुसला. "तुमचं सगळं भरून झालंय मॅडम, तुम्ही फक्त इकडे बघा. एक सेकंद."

"मी तर तुम्हाला आत्ता पहिल्यांदा पाहतेय. कुणी भरलं?"

"येतं ते आपोआप. बेसिक भरलेलंच असतं, आम्ही नाव टाकतो. कुणी काही म्हणालं तर बदलतो. अजून कुणी म्हणालं नाही."

वैजयंतीने टॅब हातात घेतला आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत सरकवत नेला. आपल्या परिसरातली कोणती गोष्ट राहायलाच हवी? उत्तर: हायस्कूलमागचं झाड.

"ह्या कॉलनीत हायस्कूल नाही," ती म्हणाली.

"नसेल, मॅडम. पण सगळ्या बिल्डिंगने तेच दिलंय."

तिला हे उत्तर चूक म्हणता येईना. परीक्षेच्या दिवसांत ती त्या झाडाखाली अभ्यासाला बसायची. तिला विचारलं असतं तर कदाचित तिने हेच सांगितलं असतं. पण तिला विचारलं नव्हतं.

"पुसून टाका सगळं. मी माझं स्वतः सांगणार. पहिल्यापासून विचारा."

"मॅडम, चाळीस आहेत."

"मला ठाऊक आहे किती आहेत. विचारा."

लोखंडेंनी सुस्कारा सोडला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "प्रश्न पहिला. आपल्या परिसरात सर्वांत आधी काय व्हायला हवं?"

वैजयंतीने खरोखर विचार केला. पाणी, कचरा, पार्किंग, सगळं डोळ्यांपुढून गेलं. घाई करायची नाही, दुसऱ्याचं काही घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. मग तिची नजर समोरच्या माणसाकडे गेली. शर्ट पाठीला चिकटला होता, एक पाय वर घेऊन तो गुडघा चोळत होता, आणि टेकायला चार मजल्यांत कुठे जागा नव्हती. उत्तर आपोआप आलं, स्वच्छ, तिचं स्वतःचं.

"बाक," ती म्हणाली. "जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक बाक हवा. पाठ टेकता येईल असा. लिहा."

लोखंडेंनी टॅबकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा टॅबकडे.

"ते आधीच होतं, मॅडम. पिशवीला फळी पण होती. ती राहू देऊ का?"

तिने आतून एक खुर्ची आणून दाराबाहेर ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "आणि दुसरा विचारा."